शेजारचा थेंब

बानानं पांढरी फरशी दोन्ही हातांत उचलली आणि सुपात दाणे घोळवावेत तशी हलवू लागली. चिनीमातीच्या त्या फरशीवर गुलाबी थेंबांची ओळ होती. दर थेंबात एकेका मेंढपाळाच्या रक्तावरचं पिवळसर पाणी मिसळलेलं. ओळीच्या टोकाला एक थेंब एकटा होता, तो निरोगी माणसाचा. आजाऱ्याचा थेंब फाटतो, त्यात दाणे धरतात. निरोगी माणसाचा सायीसारखा एकजीव राहतो. एवढंच त्या तपासणीचं शास्त्र होतं.

पैठणकडच्या वाड्यांवरचे थेंब एकामागून एक फाटायला लागले. त्याचं तिला नवल नव्हतं. गोदाकाठच्या रानांत हिंडून तिनंच ते रक्त जमवलं होतं. तिची नजर टोकाच्या थेंबावर होती, चुलीवरच्या दुधावर ठेवावी तशी.

टोकाचा थेंब कडेला जरासा विरला. मग मधोमध बारीक रवा दिसला. मग तोही फाटला.

तिचे हात थांबले नाहीत. थांबले असते तर शेजारी उभ्या असलेल्या खलीलभाईंना कळलं असतं.

"मॅडम," खलीलभाई म्हणाले, "वो आखरीवाला..."

"दिसलं मला."

खलीलभाई सिल्लोडचे. सरकारी दवाखान्याच्या या सूक्ष्मजीव विभागात टेक्निशियन म्हणून त्यांचे केस पांढरे झाले होते आणि पेन्शन आता दारात आली होती. सकाळी त्यांनीच बानाच्या दंडाला पट्टा बांधला होता. किटाबरोबर आलेली निरोगी रक्ताची कुपी संपली होती, आणि अशा वेळी लॅबमधल्याच कुणाचं तरी रक्त निरोगी म्हणून घ्यायचं, ही तिथली जुनी रीत. हिवाळ्यात स्वेटरच्या बाह्या वर करायला सगळे कुरकुरतात, म्हणून बानानंच हात पुढं केला होता. "लॅबमें सबसे ताजा खून आपकाच," खलीलभाई सुई टोचताना हसले होते. "हम तो चाय पे जिंदा हैं."

आता ते हसत नव्हते.

दार ढकलून डॉ. रामकिसन वाकळे आत आले. बानाचे गाइड. ते नेहमी आधी फरशीकडं बघत आणि मग माणसाकडं.

"हे काय? निरोगी थेंबात दाणे?"

"हो, सर."

"कुणाचं सीरम?"

"लॅबमधल्याच एकाचं." बानाचा आवाज तिचा तिलाच परका वाटला.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "किट उन्हात राहिलं असेल. नाहीतर ज्याचं कुणाचं घेतलंस तो माणूस गडबड आहे. दुसऱ्याचं घे, पुन्हा लाव, फोटो काढ. परवा अकरा वाजता दिल्लीची अनुदान समिती पडद्यावर बसणार. पहिल्या फेरीत त्यांनी एकच शेरा मारलाय बघ, निरोगी रक्त शेजारी ठेवून दाखवा. आणि आपण काय दाखवणार? नासलेलं दूध?"

"करते, सर."

ते जायला वळले आणि थांबले. स्टूल ओढून बसले. हे त्यांचं नेहमीचं नव्हतं.

"शिंगाडे, तुझ्या बॅचची पोरं म्हणत असतील, रेसिडेंटला जेवायला सवड नाही, ही कुठं अनुदानाच्या मागं लागलीय."

"म्हणतात."

"म्हणू दे. तीच पोरं पास होऊन कुणाच्या तरी खाजगी लॅबमध्ये रिपोर्टवर सह्या करत बसतील. माझ्याकडं बघ. पेपर आहेत माझे ढीगभर, पण सगळे घरच्या मीठभाकरीवरचे. माझ्या नावानं दिल्लीहून कधी काही आलं नाही. रेसिडेन्सीत स्वतःच्या नावावर ग्रँट असली की पुढची दारं आपोआप किलकिली होतात. लेक्चररशिप म्हण, बाहेरची फेलोशिप म्हण. आणि ही लोकं, हे धनगर, यांच्यावर आपल्याकडं कुणी धड कामच केलेलं नाही. सोन्याचा विषय मिळालाय तुला."

"हो, सर," बाना म्हणाली. ही लोकं. तिनंही अनुदानाच्या आराखड्यात असंच लिहिलं होतं, फक्त अधिक चांगल्या इंग्रजीत.

सर गेल्यावर खलीलभाईंनी बाही वर केली. त्यांचं रक्त गोठलं, वर पिवळं पाणी सुटलं, त्याचा थेंब गुलाबी थेंबात मिसळला. बानानं फरशी हलवली. घड्याळाचा काटा फिरत राहिला आणि थेंब तसाच राहिला, साय धरल्यासारखा शांत.

म्हणजे किट चांगलं होतं.

बानानं फरशी टेबलावर ठेवली. पाठीत, कंबरेच्या जरा वर, ती ओळखीची कळ उठली. गेल्या दिवाळीपासून ती ड्यूटीला दोष देत आली होती. तिन्हीसांजेला अंग मोडून यायचं, थंडी वाजायची, पहाटे उशी ओली व्हायची. मग आठवडाभर काहीच नसायचं. येतो, जातो, पुन्हा येतो. शेळ्यामेंढ्यांकडून माणसात येणाऱ्या या तापाचं हेच वर्णन तिनं आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. कच्च्या दुधातून येतो, व्यायलेल्या जनावराची वार हातानं काढताना येतो. मणक्यात घर करतो. गरोदर बाईची कूस रिकामी करतो. इतकी पानं लिहिताना तिला एकदाही आपली पाठ आठवली नव्हती.

"मॅडम," खलीलभाईंचा आवाज एकदम खाली गेला. "आपकू ये यहां से तो नहीं लगा ना? लॅबसे?"

तिनं त्यांच्याकडं बघितलं. त्यांचा हात बाही खाली ओढता ओढता अर्ध्यावर थांबला होता.

हा जंतू लॅबमधल्या माणसाला धरतो, हे तर पुस्तकातच होतं. रेसिडेंटला रोग लागला असं समितीला कळलं तर पहिला प्रश्न येणार, तुमची लॅब सुरक्षित आहे का. अनुदान तिथंच मरणार. मग चौकशी. आणि नमुने हाताळतं कोण, या ओळीवर एकच नाव.

"मेरा पेन्शन का कागज मुंबईमें है अभी," ते म्हणाले. मग स्वतःचीच लाज वाटून भिंतीकडं बघू लागले.

"लॅबमधून नाही लागलं," बाना म्हणाली. "मी खात्री करून येते."

खात्री कुठं करायची, ते तिनं सांगितलं नाही. इतकी वर्षं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

*

फर्दापूरच्या एसटीत ती खिडकीशी बसली. मांडीवर बर्फाची पेटी, तिच्यात किट, आणि कापसात गुंडाळलेली खलीलभाईंच्या रक्ताची कुपी. फुलंब्री गेली, सिल्लोड गेलं. रस्त्याकडेला मक्याच्या ताटांचे भारे उभे होते. कापूस वेचून झालेली रानं उघडी पडली होती.

वाडा त्या आठवड्यात गोळेगावच्या पुढं होता. धनगरांचा वाडा म्हणजे भिंतीदाराचं घर नव्हे. काठ्या रोवून जाळी ताणायची, आत मेंढरं कोंडायची, बाहेर पाल ठोकायचं, घोडं बांधायचं. ज्याच्या वावरात मेंढरं रात्री बसतात त्याच्या मातीला लेंड्यांचं खत मिळतं, आणि त्याबद्दल तो धान्य देतो, पैसे देतो. वावर संपलं की वाडा उठतो. बानाचं बालपण असं वावरावावरांतून उठत-बसत गेलं होतं, आश्रमशाळेत जाईपर्यंत.

बाप त्रिंबक मेंढरं घेऊन रानात गेला होता. पालासमोर राजाबाई, तिची माय, शेळीच्या मागं उकिडवी बसून धार काढत होती. तिनं मान वर केली, लेकीला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि पुन्हा धारेकडं वळली.

"आलीस व्हय? म्या म्हणलं पैठणचा रस्ता चुकली का काय."

"माय, असं काय बोलतेस."

"न्हाय, कानावर आलंय आमच्या. पैठणकडल्या वाड्यांवर जाऊन लोकाचं रगत काढायलीस म्हणं. आपल्या वाड्याचं रगत कडू हाय व्हय?"

बाना पेटी खाली ठेवून बसली. राजाबाई धारेच्या ठेक्यावर, लेकीला ऐकू जाईल इतपत, गुणगुणली:

"वाड्यावरी गं माझ्या, दुधाला न्हाई तोटा
लेकीच्या गं पायाला, आडवा डांबराचा फाटा..."

"हे आत्ताच जुळवलंस," बाना म्हणाली, आणि तिला हसू आलं.

"मग काय, तुझी वाट बघून जुनी गाणी सरली."

पितळी वाटी फेसानं भरली. राजाबाईनं ती पदरानं पुसून लेकीपुढं धरली. वाटी ऊबदार होती. शेळीच्या अंगाचा, कोवळ्या पाल्याचा वास. त्या वासानं बानाचं तोंड ओलं झालं, तरी तिनं वाटी हलकेच मागं सारली.

"माय, उकळून दे."

"उकळून?"

"हो."

"नवी व्यालेली हाय ती. हिचं दूध चुलीवर ठिवलं की कास जळती. आजीनं काय सांगितलं होतं तुला?"

"सगळं जग उकळून पितं."

"मग जा की जगाकडं." राजाबाईनं वाटी खाली ठेवली. जरा जोरातच. थोडं दूध मातीत सांडलं. मग तिचा आवाज उतरला. "ह्याच दुधावर वाढलीस बाने. आश्रमशाळेतून आलीस की आधी शेळीकडं पळायचीस, मग माझ्याकडं."

बाना मायजवळ सरकली. तिनं पेटी उघडली. "तुझं थोडं रक्त पाहिजे."

"कशाला?"

"तपासायला. थंडी-ताप येतो ना तुला मधूनमधून?"

"कुणाला येत न्हाय?" असं म्हणून राजाबाईनं हात पुढं केला. सुई आत गेली तेव्हा ती लेकीच्या बोटांकडं कौतुकानं बघत होती. "एवढंच? मला वाटलं तांब्याभर काढतीस."

रक्त गोठायला वेळ लागतो. राजाबाईनं तेवढ्यात भाकरी थापली, लेकीला ठेच्याबरोबर खाऊ घातली, घोड्याच्या पाठीला झालेल्या जखमेबद्दल सांगितलं, जाऊ सरूबाईशी झालेल्या भांडणाबद्दल सांगितलं. बाना हूं हूं करत होती. तिचं लक्ष नळीतल्या लाल गुठळीच्या वर येणाऱ्या पिवळ्या पाण्याकडं होतं. तिला दोन्ही उत्तरांची भीती वाटत होती. मायचा थेंब फाटला तर रोग दुधातला, लॅब सुटली, खलीलभाई सुटले. नाही फाटला तर माय सुटली.

दाण्याच्या पोत्यावर तिनं फरशी ठेवली. एक थेंब खलीलभाईंचा, शेजारी एक मायचा. ती फरशी हलवू लागली. राजाबाई गुडघ्यांवर कोपरं टेकून वाकली.

"गुलाल हाय व्हय गं?"

"औषध आहे."

खलीलभाईंचा थेंब तसाच राहिला. शेजारचा कडेनं विरायला लागला.

"नासलं," राजाबाई म्हणाली. जन्मभर दूध बघितलेल्या बाईचा तो आवाज होता, त्यात अजून भीती नव्हती. "हे माझं का?"

"हो, माय."

"मंग? काय हाय ते?"

बानानं सांगितलं. तिनं शब्द फार निवडून घेतले, पण ताप म्हणावं लागलं, शेळी म्हणावं लागलं, आणि शेवटी दूध म्हणावं लागलं. औषधं आहेत, दीड महिना न चुकता घ्यायची, बरं होतं, असंही सांगितलं. राजाबाई ऐकत होती आणि वाटीतल्या दुधाकडं बघत होती. त्याच्यावर एक माशी बसली होती. ती तिनं हाकलली नाही.

"पोटुशी बाईला काय करतं हे?"

बाना नळीचं झाकण लावू लागली.

"सांग की. डॉक्टर हाईस ना."

"पोट टिकत नाही कधी कधी."

"तुझ्या पाठीवरचे..." राजाबाई थांबली. बोटानं मातीत एक रेघ ओढली, तिच्या शेजारी दुसरी, मग तळव्यानं दोन्ही पुसून टाकल्या. "ते ह्याच्यानंच गेले?"

"असेल, माय. इतक्या वर्षांनी नक्की कुणीच सांगू शकणार नाही."

"त्या सालात शेळ्या बी गाभडायच्या. तुझी आजी म्हणायची, राजीचा हात वंगाळ हाय, हात लावंल तिथं गाभ टिकत न्हाय. मला कासंला शिवू दिलं नव्हतं तिनं. लांब बसवायची." ती सांगत होती ते दुसऱ्याच बाईबद्दल सांगावं तसं. "मी बी तेच धरून चालले गं आजवर."

बानानं तिच्या हातावर हात ठेवायला हात उचलला, तोच मोटारसायकलचा आवाज आला.

वावराचे मालक काकासाहेब बांधावर गाडी लावून आत येत होते. राजाबाईनं झटकन पदर सोडला आणि फरशीवर टाकला. मग मांडी घालून ती फरशीला लागूनच बसली.

"काय राजाबाई, लेक आली जणू? डॉक्टरीण ना ही?"

"व्हय मालक. माझी साखर बघायली."

"मग माझी बी बघा की, डॉक्टरीणबाई. आमची बायको चहात साखर टाकंना झालीय." काकासाहेब स्वतःच हसले. त्यांची नजर पेटीवर, सुईवर फिरली. "बाकी मेंढरं बरी हायत ना? न्हाय, आपलं विचारतो. खालच्या गावात एका वाड्याची मेंढरं आजारी हायत अशी नुसती बोंब उठली, तर गावानं त्यास्नी भाकरी बी खाऊ दिली न्हाय, पालं उपटली. माझ्या दावणीला म्हशी हायत बाई."

"ठणठणीत हायत मालक. बघा की फिरून."

"बघतो कशाला, तुमच्यावर भरवसा हाय." तरी ते जाळीपर्यंत गेलेच. आतल्या कोकरांकडं बराच वेळ बघून परतले. जाताना हसले नाहीत.

गाडीचा आवाज विरला तरी राजाबाई हलली नाही. मग तिनं पदर उचलला. त्याला गुलाबी ओल लागली होती. फरशीवर दोन्ही थेंब एकमेकांत फिसकटले होते. कुठला कुणाचा ते आता कळत नव्हतं.

"हे कुणाला सांगणार हाईस?"

"कुणाचं नाव लिहीत नाहीत, माय. गाव सुद्धा नाही. नुसते आकडे असतात."

"धनगराला नाव लागतं व्हय गं? मेंढरं दिसली की बास." तिनं पदराचं टोक मुठीत आवळलं होतं. "पेपरात आलं, धनगराच्या दुधात रोग हाय, की ह्या रस्त्यानं कोण उतरू दील आम्हाला? जाळी कुठं ठोकायची? तुझा बाप मेंढरं घिऊन काय डांबरावर बसंल?"

"आजार आहे तो आहेच ना. झाकला तर जाईल का?"

"जात न्हाय. ते मला शिकवू नको." राजाबाईनं लेकीकडं बघितलं. मग हात पुढं करून तिच्या मानेला लावला, कानामागं, जिथं लहानपणी लावायची. तिथंच ठेवला.

"आंग गरम लागायलंय तुझं."

"उन्हातून आलेय."

माघातलं ऊन कलत आलं होतं. राजाबाईनं हात काढला नाही. थोड्या वेळानं दुसऱ्या हातानं तिनं दुधाची वाटी उचलली आणि सगळं दूध मातीत ओतून दिलं.

*

"शुक्र है मालिक का," रोग लॅबमधला नाही असं बानानं सांगितल्यावर खलीलभाईंच्या तोंडून निघालं आणि त्यांनी लगेच जीभ चावली. "नहीं मॅडम, इसका शुक्र नहीं के आपकू... मेरा मतलब..."

"कळलं मला, खलीलभाई."

"गोळी आजसेच शुरू करो. सरकू बोलो."

"आजचं होऊ दे."

सरांच्या खोलीत पडदा लागला होता. अकराला समिती उजळली; चौकटीचौकटींत बसलेले चेहरे, प्रश्न इंग्रजीतून. सर बानाच्या शेजारी, कॅमेऱ्यात अर्धे येतील असे बसले होते. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दारापाशी खलीलभाई उगीचच एक ट्रे घेऊन उभे होते.

बाना बोलत गेली. नकाशा दाखवला, वाडे कसे फिरतात ते दाखवलं, फरशीचा फोटो दाखवला. निरोगी कोण, हा प्रश्न कोणत्या चौकटीतून येईल ते ती शोधत होती.

तो आला. अध्यक्षबाईंनी विचारलं, "शेजारचा हा थेंब?"

"विभागातले टेक्निशियन. त्यांचा शेळ्यामेंढ्यांशी कधीच संबंध आलेला नाही."

"छान. स्वच्छ आहे."

एवढंच. सरांनी टेबलाखाली तिच्या खुर्चीच्या दांडीवर बोटानं टकटक केली, शाबास म्हटल्यासारखी. मग खर्चाबद्दल विचारलं, वेळापत्रकाबद्दल विचारलं. अध्यक्षबाई पानं उलटत होत्या. स्वर मऊ झाला होता, काम संपत आल्यावर होतो तसा.

"एक राहिलं. सहभागी होणाऱ्यांना धोका. तुम्ही लिहिलंय, काही नाही. बरोबर?"

असा प्रश्न नुसता वाचायचा असतो. समोरच्यानं हो म्हणायचं आणि पान उलटायचं. बानानं हो म्हणायला तोंड उघडलं.

"आहे," ती म्हणाली.

सरांचं बोट थांबलं.

"म्हणजे सुई टोचल्याची सूज वगैरे?"

"नाही. रोगाची कुणकुण लागली तर गावं त्यांना वावरात उतरू देणार नाहीत. मेंढरं बसवणं हेच त्यांचं पोट आहे. एका वाड्याचं कळलं तरी त्या रस्त्यावरचे सगळे वाडे उठतील. आपण आधी औषधं, जनावरांच्या लशी आणि गावांशी बोलणं यांची सोय करायला हवी, आणि मग रक्त घ्यायला हवं. माझ्या आराखड्यात ते नाही. ते घातलं तर वेळ वाढेल, खर्चही."

"हे कुठल्या अहवालात नोंदलंय?"

"अहवालात नाही."

"मग तुम्हाला कसं माहीत?"

"फील्ड व्हिजिटमध्ये आमच्या..." सर पुढं वाकले.

"माझ्या आईनं सांगितलं," बाना म्हणाली. "ती मेंढरं राखते. सिल्लोडकडं असते सध्या."

सर तिच्याकडं वळून बघत राहिले. आधी फरशी आणि मग माणूस बघणारा तो माणूस या वेळी नुसता माणसाकडंच बघत होता. कोपऱ्यातल्या चौकटीत एक वयस्कर सभासद इतका वेळ गप्प होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तुम्ही लहानपणी वाड्यावरच होता?" त्यांनी विचारलं.

"हो, सर."

"दूध?"

"कच्चंच."

पुढचा प्रश्न त्यांनी अगदी हळू, मऊपणे विचारला, दवाखान्यात पडद्याआड विचारतात तसा.

"डॉक्टर, तुम्ही स्वतःचं रक्त तपासलंय?"

दारापाशी ट्रेमधल्या कपबश्या एकमेकींवर वाजल्या. बानानं माईक जवळ ओढला.